पांच दारांची टांकसाळ

आमच्या घरीं मार्चअखेर सर्व मंडळी एकत्र बसून वर्षाचा जमाखर्च पाहतात. यंदां त्या बैठकींत आमच्या पुतण्यानें एक मागणी पुढें मांडली. घरच्या सामाइक शिलकेंतून त्यास दोन लक्ष रुपये हवे होते, आणि तेहि ‘खाणकामाचें यंत्र’ घेण्यासाठीं! आमचे थोरले बंधु गेलीं तीस वर्षें घरची वही सांभाळीत आहेत. त्यांनीं चष्मा वर सारून एवढेंच विचारलें, “ही खाण कोणत्या गांवीं आहे?” मुलगा हंसला नाहीं. तो म्हणाला, “बाबा, ती कोठेंच नाहीं आणि सगळीकडे आहे. बिटकॉइनसारखी ती धनिकांच्या हातीं गेलेली नाहीं. या नाण्याच्या खाणकामास एक नव्हे, पांच रीती आहेत. लहान माणसाच्या यंत्रासहि तेथें जागा आहे. हवें तर काकांना विचारा.” काकांना, म्हणजे आम्हांस, त्या वेळीं यांतील एक अक्षरहि ठाऊक नव्हतें. निकाल दोन महिने पुढें ढकलला गेला व चौकशीचें काम आमच्याकडे आलें. त्या चौकशींत जें उमगलें तें येथें मांडीत आहों. कारण असा प्रश्न आज आमच्याच घरीं निघाला असेल असें नाहीं.

प्रथम ‘खाण’ हा शब्दच बाजूस ठेवावा. त्यानेंच बहुतेकांची दिशाभूल होते. येथें कोणी कांहीं खणीत नाहीं. जें चालतें तें लेखनिकाचें काम आहे. अशी एक वही कल्पावी कीं, तिच्या हजारों प्रती जगभरच्या संगणकांवर आहेत, आणि कोणीं कोणास किती नाणीं दिलीं याची नोंद तींत पानामागून पान होत जाते. अशा पानास इंग्रजींत ‘ब्लॉक’ म्हणतात. पेढीवर हें काम मुनीम करतो व मालक त्यावर नजर ठेवतो. येथें मालक नाहीं आणि मुनीमहि नाहीं. जो पान लिहील त्यास नवीं नाणीं बक्षीस मिळतात, त्यामुळें लिहिण्यास उमेदवारांची वाण नाहीं. अडचण आहे ती निवडीची.

३ जानेवारी २००९ रोजीं सुरू झालेल्या बिटकॉइननें ही निवड जणूं फांशांवर सोंपविली. पानावरील मजकूर, आणि त्याच्या जोडीस लेखनिकानें आपल्या मनानें घातलेला एक आंकडा, हें सर्व एका ठराविक आंकडेमोडींतून काढलें म्हणजे ६४ चिन्हांचा एक ठसा हातीं येतो. त्यास ‘हॅश’ म्हणतात. मजकुरांत एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा अगदीं निराळा येतो, आणि तो कसा येईल हें आधीं कोणासहि सांगतां येत नाहीं. नियम असा कीं, ठशाच्या आरंभीं अमुक इतकीं शून्यें आलीं तरच तें पान ग्राह्य. प्रत्येक जागीं सोळा चिन्हांपैकीं एक येतें. म्हणून पांच शून्यें एकापुढें एक पडण्यास सरासरीनें १०,४८,५७६ वेळां आंकडा बदलून पाहावा लागतो, आणि दहा शून्यें पडण्यास सुमारें एक लक्ष दहा हजार कोटि वेळां. तपासणाऱ्यास मात्र एकदांच आंकडेमोड करून खरेंखोटें कळतें. फांसे टाकणाराचा हात दुखेल, पाहणाऱ्यास एक दृष्टि पुरे! शून्यांची ही अट म्हणजेच ‘काठिण्य’. फांसे टाकणारीं यंत्रें वाढलीं कीं काठिण्य वाढतें, घटलीं कीं घटतें. बिटकॉइनमध्यें दर २,०१६ पानांनीं हिशेब करून तें असें बसवितात कीं एका पानास सरासरीनें दहा मिनिटें लागावीं.

योजना सुबक खरी. परंतु माणूस तिच्यांत शिरल्यावर जें व्हावयाचें तें झालेंच. आरंभीं घरचा संगणक या कामास पुरत असे. मग खेळांसाठीं बनविलेलीं ग्राफिक्स कार्डें आलीं. २०१३ पासून तर बिटकॉइनची ती एकच रीत, जिचें नांव ‘शा-२५६’ आहे, तेवढीच करणारीं आणि दुसरें कांहींहि न करणारीं यंत्रें बाजारांत मिळूं लागलीं. त्यांस ‘एसिक’ म्हणतात. ज्याच्याजवळ अशा यंत्रांच्या वखारी व स्वस्त वीज, त्याच्या हातीं लेखणी. आणि निम्म्याहून अधिक लेखणी एकाच्या हातीं गेली तर तो मोठी लबाडी करूं शकतो. आपलीं नाणीं कोणास देऊन त्याचा माल तो घेतो, इकडे गुपचूप त्याच जागेपासून निराळीं पानें लिहीत बसतो, आणि आपली वही अधिक श्रमाची झाली कीं ती पुढें आणतो. नियमाप्रमाणें अधिक श्रमाची वही खरी! दिलेलें नाणें दिलेंच नाहीं असें ठरतें. ही नुसती कल्पना नव्हे. मे २०१८ मध्यें ‘बिटकॉइन गोल्ड’ नांवाच्या नाण्यावर हाच प्रसंग आला. लहान नाण्यांस ही भीति विशेष, कारण त्यांच्या रीतीचीं यंत्रें तासांच्या भाड्यानेंहि मिळतात.

आतां पुतण्याच्या पांच रीतींकडे वळूं. फेब्रुवारी २०१४ मध्यें ‘मिरियड’ नांवाचें नाणें निघालें, तें पांच रीतींसह. त्याच वर्षीं जानेवारींत निघालेल्या ‘डिजिबाइट’नें सप्टेंबरमध्यें तीच योजना स्वीकारली. पुतण्याच्या मनांत भरलेलें नाणें हेंच. त्याच्या मूळच्या पांच रीती अशा: शा-२५६, स्क्रिप्ट, ग्रॉस्टल, स्काइन व क्यूबिट. शा-२५६ मध्यें नुसत्या वेगाचें काम आहे. स्क्रिप्ट ही २००९ सालीं कॉलिन पर्सिव्हल यांनीं सुचविली. तिला संगणकाची स्मरणशक्ति पुष्कळ लागते. ग्रॉस्टल व स्काइन या दोन्ही, अमेरिकेच्या मानक-संस्थेनें नव्या ठसा-रीतीसाठीं जी स्पर्धा लाविली व जिचा निकाल २०१२ सालीं लागला, तिच्या शेवटच्या पांचांपर्यंत पोहोंचलेल्या. पैकीं एकीसहि जय मिळाला नाहीं. क्यूबिट म्हणजे पांच निरनिराळ्या आंकडेमोडींची माळ.

पान लिहिणारानें यांपैकीं कोणतीहि एक रीत घ्यावी व कोणती घेतली तें पानावर नमूद करावें. वही एकच, तिच्याकडे जाणारीं दारें पांच. यांतील मर्म असें आहे कीं, प्रत्येक दाराचें काठिण्य स्वतंत्र असतें. डिजिबाइटचें पान सरासरीनें १५ सेकंदांनीं येतें, म्हणजे एकेका दारानें ७५ सेकंदांनीं एक. समजा, कोणी धनिक शा-२५६ चीं हजार यंत्रें घेऊन आला. त्या दाराचें काठिण्य लवकरच चढतें आणि हजार यंत्रांनिशीं त्यास पुन्हा ७५ सेकंदांनीं एकच पान मिळतें. स्क्रिप्टच्या किंवा स्काइनच्या दारीं बसलेल्यास त्याच्या येण्याची वार्ताहि नसते.

याचा आणखी एक उपयोग आहे, तो आम्हांस अधिक मोलाचा वाटला. असे धनिक पुष्कळदां जत्रेंतल्या दुकानदारांसारखे असतात. जेथें चार पैसे अधिक सुटतील तेथें पालें टाकतात व दुसऱ्या दिवशीं उठतात. एकच रीत असलेल्या नाण्यांत ते उठून गेले म्हणजे चढलेलें काठिण्य मागें उरलेल्या गरिबांच्या माथीं बसतें आणि वही तासन् तास अडते. पांच दारांपैकीं एक अडलें तर चारांनीं काम चालूं राहतें. शिवाय डिजिबाइटनें फेब्रुवारी २०१४ पासूनच काठिण्याचा हिशेब प्रत्येक पानामागें करण्याची सोय केली होती, व वर्षअखेरीस ती पांचही दारांस लागू केली.

एथवर वाचून आमचें मत पुतण्याच्या बाजूस झुकलें होतें, हें कबूल केलें पाहिजे. तों ‘व्हर्ज’चा वृत्तांत हातीं आला.

व्हर्ज हेंहि पांच रीतींचें नाणें. एप्रिल २०१८ मध्यें कोणी एकानें त्याच्या पांच दारांतून स्क्रिप्टचें एकच दार निवडलें. प्रत्येक पानावर तें लिहिल्याची वेळ घालावी लागते. निरनिराळ्या देशांतील घड्याळें अगदीं एक असणार नाहींत, म्हणून नियमांत कांहीं सवलत ठेवलेली होती. या गृहस्थानें त्या सवलतीचा लाभ घेऊन आपल्या पानांवर मागल्या वेळा घालण्यास आरंभ केला. काठिण्य ठरविणाऱ्या नियमास वाटलें, स्क्रिप्टच्या दारानें पानें फारच सावकाश येत आहेत; तेव्हां त्यानें अट सैल केली. पुन्हा मागली वेळ, पुन्हा सैल. असें होतां होतां त्या दाराची कडी जवळजवळ निघालीच, व जेथें पान अर्ध्या मिनिटानें यावयाचें तेथें तें सेकंदासेकंदास येऊं लागलें. उरलेल्या चार दारांवरचे प्रामाणिक लोक आपापल्या जागीं फांसे टाकीत बसले होते. त्यांचीं पानें या पुरांत मागें पडलीं. नियमांत दुरुस्ती झाली, तरी मे महिन्यांत तसाच घाला पुन्हा पडला. या खेपेस दोन दारें आळीपाळीनें वापरलीं गेलीं, आणि थोडक्या तासांत सुमारें साडेतीन कोटि व्हर्ज नाणीं उपटलीं गेलीं.

येथें आम्हांस आमचीच चूक दिसली. पांच रीती म्हणजे एका दारास पांच कुलुपें, असें आम्ही मनांत धरून चाललों होतों. वस्तुतः तीं पांच दारें आहेत व प्रत्येकास एकेकच कुलूप आहे. चोरास पांचही फोडावीं लागत नाहींत. दरवान जागा असेल तर एका दारानें आलेला माणूस पंचमांशाहून अधिक कांहीं नेऊं शकत नाहीं. आणि दरवान म्हणजे तो काठिण्याचा नियम. तो फसला कीं पांच दारें एकापेक्षां वाईट, कारण चोरास त्यांतलें सर्वांत हलकें निवडतां येतें. वहीच्या प्रती तपासणारे हजारों संगणक त्या दिवशींहि तपासतच होते. त्यांनीं पानें नियमाप्रमाणें आहेत एवढें पाहिलें. आणि तीं नियमाप्रमाणें होतींच.

श्रमांच्या बेरजेचाहि घोटाळा आहे. स्क्रिप्टचा एक ठसा व शा-२५६ चा एक ठसा यांस लागणारे कष्ट सारखे नव्हेत. मग अधिक श्रमाची वही कोणती हें ठरवितांना मण आणि गज यांची बेरीज कशी करावी? त्यासाठीं प्रत्येक नाण्यास वजनाचा कांहीं तरी ठराव करावा लागतो, आणि ठराव आला कीं त्यांत फट शोधणारा आलाच.

पुतण्याचें दुसरें म्हणणें, लहान माणसास जागा आहे हें. २०१४ सालीं तें खरें होतें. ग्रॉस्टल, स्काइन व क्यूबिट हीं तीन दारें ग्राफिक्स कार्डवाल्यांचीं होतीं. २०१७ च्या सुमारास तिन्ही रीती करणारीं खास यंत्रें विकावयास आलीं, आणि बाजारांतील एकच पेटी हव्या त्या दारीं बसवितां येऊं लागली. डिजिबाइटनें त्यावर २०१९ सालीं ग्रॉस्टल काढून ‘ओडोक्रिप्ट’ नांवाची रीत बसविली. ती दर दहा दिवसांनीं आपलें रूप पालटते, म्हणजे तिच्यासाठीं घडविलेलें खास यंत्र दहा दिवसांत निकामी व्हावें. एका अमेरिकन दूरदर्शन-मालिकेंतील रूप पालटणाऱ्या पात्रावरून तिचें नांव ठेविलें आहे. कल्पना आम्हांस आवडली. परंतु तिलाहि चालतीं तीं यंत्रें, ज्यांची अंतर्रचना पुनः पुनः बदलतां येते, आणि तीं कांहीं किराणा दुकानांत मिळत नाहींत.

दोन महिन्यांनीं बैठक बसली. आम्हीं हें सर्व वाचून दाखविलें. बंधूंनीं मध्येंच थांबवून विजेचा हिशेब मागितला. २०२० सालीं बाजारांत आलेलें शा-२५६ चें एक नामांकित यंत्र सव्वातीन किलोवॅट वीज घेतें. तें अहोरात्र चाललें तर दिवसास ७८ युनिटें, महिन्यास २,३४०. युनिटास दहा रुपये धरले तर २३,४०० रुपये. “म्हणजे तीन पाणी तापविण्याचे हीटर माजघरांत रात्रंदिवस चालूं ठेवावयाचे,” वहिनी म्हणाल्या, व त्यांचा हिशेब चुकलेला नव्हता. त्यांतून १ एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या नफ्यावर आपल्याकडे ३० टक्के कर लागूं झाला, आणि खाणकामाच्या यंत्रसामग्रीचा खर्च त्यांतून वजा मिळणार नाहीं असें सरकारनें त्याच वर्षीं मार्चमध्यें लोकसभेंत सांगितलें. बंधूंनीं आंकडे दोनदां तपासले व वही मिटली.

मुलानें वाद घातला नाहीं. त्याचा चेहरा उतरला होता. आम्हांसहि वाईट वाटलें, कारण आम्हीं जें वाचलें तें त्यानेंच वाचावयास लाविलें होतें. चार दिवसांनीं त्यानें माळ्यावरचा जुना संगणक खालीं काढला. पान लिहिण्याची शर्यत न खेळतां नुसती वहीची प्रत ठेवावी व येणारें प्रत्येक पान तपासावें, अशीहि सोय या नाण्यांत आहे. त्यास बक्षीस एक पैचेंहि नाहीं, वीजहि बेताचीच लागते. तो संगणक आतां जिन्याखालीं चालूं असतो. आणि रात्रीं घरची वही लिहून झाली म्हणजे बंधु जिन्यापाशीं थांबतात व विचारतात, “काय रे, आजचीं पानें जुळलीं का?”