सोनेरी चौकटीचा आरसा

बेंगळुरूच्या मल्लेश्वरम भागातील काडू मल्लेश्वराच्या देवालयास व्यंकोजी ऊर्फ एकोजी राजे भोसले यांनी गाव इनाम दिल्याची नोंद १६६९ च्या कन्नड शिलालेखात आहे. शहाजीराजांना आदिलशाहीकडून मिळालेल्या बेंगळुरूच्या जहागिरीचा कारभार पाहणाऱ्या एकोजींनी पुढे १६७५-७६ च्या सुमारास तंजावर हस्तगत केले, आणि घराण्याची गादी कावेरीच्या खोऱ्यात स्थिरावली. भिंतीवरच्या शोभिवंत आरशाविषयी लिहिताना हे पान उघडावे लागते, कारण ज्या सुवर्णवर्खी कलेने आज बेंगळुरूच्या दिवाणखान्यांतील आरशांच्या चौकटी सजतात, ती तंजावरच्या त्याच मराठी दरबाराच्या आश्रयाने बहरली.

आरशाचे प्रेम या प्रदेशात त्याहून पुष्कळ जुने आहे. १११७ मध्ये विष्णुवर्धन होयसळाने बेलूरला उभारलेल्या चेन्नकेशव मंदिरातील दर्पणसुंदरी हातातल्या ज्या वर्तुळाकार आरशात पाहते, तो त्या काळच्या रीतीप्रमाणे घासून चकचकीत केलेल्या धातूचा मानावा लागतो. काचेमागे कथिल व पाऱ्याचा लेप देण्याची व्हेनिसची विद्या कारागिरांच्या प्रकृतीस घातक होती. १८३५ मध्ये युस्टुस फॉन लीबिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदीचा पातळ थर बसविण्याची कृती दाखविली, आणि कालांतराने आरसा सामान्य गृहस्थाच्या आवाक्यात आला.

काच आता कारखान्यातून येते. हाताचे कसब उरले आहे ते चौकटीत. तंजावरी रीतीने लाकडी फळीवर कापड चिकटवून, त्यावर खडूची भुकटी व डिंक यांचे थरावर थर देऊन ते घोटून गुळगुळीत केले जातात; मग वेल, मोर, कमळे रेखून त्यांना त्याच लगद्याने उठाव देतात, काचेचे खडे बसवितात आणि सोन्याचा वर्ख उठावाच्या प्रत्येक खाचेत दाबून दाबून बसवितात. या कामात घाई खपत नाही: आतला थर ओला असता वरचा चढविला, तर पुढे चौकटीस तडे जातात. म्हैसूरच्या चित्रशैलीत हाच उठाव अगदी नाजूक असतो, वर्खही पातळ असतो. तिसऱ्या कृष्णराज वोडेयरांच्या आश्रयाने वाढलेल्या या चित्रपरंपरेचे नमुने बेंगळुरूच्या कर्नाटक चित्रकला परिषदेत पाहावयास मिळतात. माझ्या मते आरशाला म्हैसूरची चौकटच अधिक शोभते, कारण तंजावरचा झगमगाट देवाच्या मूर्तीभोवती जितका उचित, तितकाच तो मनुष्याच्या मुखाभोवती जड वाटतो. प्रतिबिंबाने मान मिळवावा आणि चौकटीने त्याची अदब राखावी, हा मला खरा शिरस्ता वाटतो.

दुर्दैवाने सोनेरी रंगाचा कागद चिकटवून आणि साच्यातून काढलेली नक्षी डकवून केलेली चौकटही हस्तकला म्हणून विकली जाते, आणि त्यात खऱ्या कारागिराच्या मेहनतीचा मोबदला बुडतो. म्हणून खरेदी करताना वर्ख सोन्याचा की नकली, उठाव हाताचा की साच्याचा, हे निःसंकोच विचारावे, चौकट उलटून मागची फळी पाहावी आणि शक्य तेथे कारागिराकडूनच थेट घ्यावी. घरी आणल्यावर पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर ती टांगू नये, कारण दमट हवा काचेच्या कडेतून शिरली की मागची चांदी काळी पडते; आणि चौकट ओल्या फडक्याने कधीही पुसू नये, खडूचा थर पाण्याने सुटतो.