शिरोरेषा सगळ्यात शेवटी

लघुचित्र बिघडतं ते बहुतेक वेळा शेवटच्या दिवशी. महिनाभर हात जपून काम केलेलं असतं, आणि मग वाटतं, सफेद्याचा अजून एक ठिपका हवा.

कळंब्याच्या माझ्या खोलीतून तलाव दिसतो. आषाढात कात्यायनीच्या डोंगरावर पाऊस धरला की वसलीचा, म्हणजे थरावर थर चिकटवलेला कागद कडांना वाकतो आणि डिंकात कालवलेला रंग वाळता वाळत नाही. अशाच दिवसांत चार बाय पाच इंचांत मी हाच तलाव रंगवला होता. चित्र पालथं घालून अकीकाच्या दगडाने घोटाईही झाली होती. तरी काठावर एक बगळा असावासं वाटलं. सफेदा फुटला, खालचा निळा रंगही उचलला गेला. तेवढं पाणी परदाजाच्या बारीक रेघांनी पुन्हा भरायला अकरा दिवस गेले.

आमचे गुरुजी काम संपत आलं की चित्र कपाटात ठेवून किल्ली काकूंकडे द्यायचे. काकू चार दिवस किल्ली द्यायच्या नाहीत. "झालंय ते. आता हात लावशील तर बघ!" मी ऐकायला हवं होतं.

सहीची तऱ्हा वेगळी. अक्षराची उंची जेमतेम एक मिलिमीटर, हातात खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला. 'म'ची गाठ आणि 'व'चं पोट चटकन भरून जातं, अक्षराचा नुसता डाग होतो. म्हणून मी आधी उभे दंड ओढतो, मग पोटं, ती वाळू देतो आणि शिरोरेषा सगळ्यात शेवटी, श्वास रोखून. नेमका तेव्हाच रस्त्यावरच्या वडापच्या जीपचा हॉर्न वाजतो!

पूर्वी मी हाशियात, म्हणजे चित्राभोवतीच्या पट्टीत सही करायचो. एका फ्रेमवाल्याने हाशियाच कापला, चित्र निनावी झालं. तेव्हापासून सही चित्राच्या आत, घाटाच्या पायरीवर किंवा गवतात.

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातल्या 'तारीफ-ए-हुसेनशाही'ची मला, तो हाशिया कापला गेला त्या दिवशी, फार आठवण झाली. अहमदनगरच्या निजामशाहीतली, 1565 च्या सुमाराची ही पोथी. तिच्यात आज 12 चित्रं उरली आहेत. राणी खुंजा हुमायूनची आकृती त्यांतल्या बऱ्याच चित्रांत नंतर कुणी तरी पुसून टाकली, तरी तिचं नाव आपल्याला ठाऊक आहे. कवी आफताबीचंही ठाऊक आहे. चित्रकाराचं मात्र नाही. सोनं आणि रंग इतक्या निगुतीने लावणाऱ्या त्या हाताचं नाव हरवलं, हे मला अजून सलतं.

तुमच्या घरात सही नसलेलं एखादं चित्र असेल, तर ते कुणी काढलं हे सांगणारं माणूस आहे तोवर विचारून घ्या. मागच्या बाजूला, कडेला, मऊ पेन्सिलीने नाव लिहा. शाईने नको, पावसाळ्यात ती फुटते.