इंटरनॅशनल बिझनेसची पदवी: पॅकेज ऐकण्याआधी हप्ता मोजा

तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यात जैनथ, बेला, तामसीकडच्या मराठी घरांतली मुलं आता ‘एमबीए इंटरनॅशनल बिझनेस’चं नाव घेताना दिसतात. माहिती बहुतेक वेळा एजंटाकडून, नाहीतर हैदराबादच्या मावसभावाकडून आलेली असते. त्यातले काही समज महागात पडणारे आहेत.

या पदवीसाठी परदेशातच जावं लागतं, हा पहिला. तसं काही नाही. केंद्र सरकारने १९६३ मध्ये काढलेली भारतीय विदेश व्यापार संस्था दिल्ली, कोलकाता आणि आता काकीनाड्यातही हेच शिकवते; पुण्यात सिम्बायोसिसची संस्था १९९२ पासून आहे. विषय म्हणजे निर्यातीची कागदपत्रं, परकीय चलन, सीमाशुल्क, मालवाहतूक. हे आपल्यापासून लांबचं वाटत असेल तर २०२५ आठवा. केंद्राने ऑगस्टमध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं आणि ती माफी डिसेंबरअखेरपर्यंत चालली. म्हणजे आदिलाबादच्या यार्डात आपला कापूस उतरतो, नेमके तेच दिवस.

दुसरा समज पॅकेजचा. ‘सरासरी साडेनऊ लाख’ असं माहितीपत्रकात छापलेलं असतं. समजा वर्गात दहा जण आहेत. एकाला चाळीस लाख मिळाले आणि नऊ जणांना सहा-सहा. सरासरी निघते ९ लाख ४० हजार, पण तेवढा पगार एकालाही नाही. म्हणून कॉलेजला मध्यक विचारा, म्हणजे पगार ओळीने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा. शिवाय सहा लाखांच्या पॅकेजमध्ये कंपनीचा पीएफ वाटा, ग्रॅच्युइटी, कामगिरीवर मिळणारी रक्कम असं सगळं धरलेलं असतं. हातात साधारण ४२ ते ४५ हजार येतात, आणि त्यातूनच हैदराबाद-पुण्याचं घरभाडं भरायचं असतं.

आता कर्ज. ‘नोकरी लागल्यावर फेडायचं’ असं सर्रास बोललं जातं. बँकेचा नियम वेगळा आहे: अभ्यासक्रम संपून साधारण एक वर्ष झालं की हप्ता सुरू, नोकरी असो वा नसो. शिवाय त्या काळात व्याज थांबलेलं नसतं. दहा लाखांचं कर्ज, दर १० टक्के, दोन वर्षांचा कोर्स, पाच-पाच लाख दोन वर्षांच्या सुरुवातीला उचललेले. सरळव्याजाने पहिल्या पाच लाखांवर तीन वर्षांचे दीड लाख आणि दुसऱ्या पाचांवर दोन वर्षांचा एक लाख चढतो. हप्ता सुरू होतो तेव्हा खात्यावर साडेबारा लाख दिसतात. दहा वर्षांच्या मुदतीने महिन्याला सुमारे साडेसोळा हजार, एकूण फेड जवळजवळ वीस लाख. हप्ता सुरू होईपर्यंत व्याज भरत राहिलात तर तोच हप्ता सव्वातेरा हजारांच्या आत राहतो.

आणि हे कर्ज ‘पोराच्या नावावर’ही नसतं. वडील सहकर्जदार असतात. हप्ता थकला की दोघांचाही सिबिल स्कोअर खाली येतो, आणि पुढच्या वेळी बँकेच्या दारात वडिलांनाही त्याचा जाब द्यावा लागतो. शेतकऱ्याच्या घरात पैसा कापूस विकल्यावर येतो. हप्ता मात्र बी-खताच्या जूनमध्येही तेवढाच.

‘शेत आहे ना, ठेवू गहाण’ यावर तर फार भिस्त ठेवू नये. साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही. त्यावरच्या कर्जाला बँका बहुधा घर, प्लॉट किंवा मुदत ठेव मागतात, कारण सरफेसी कायद्याच्या कलम ३१ नुसार शेतजमिनीवर त्या कायद्याने वसुली करता येत नाही. उटनूरकडच्या एजन्सी, म्हणजे अनुसूचित भागात तर जमीन हस्तांतरणाच्या कायद्यातल्या १९७० च्या दुरुस्तीपासून बिगर-आदिवासीला जमीन देताच येत नाही. पीएम विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीतलं कॉलेज मिळालं तर तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत, आणि वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंत व्याजात ३ टक्के सवलत मिळू शकते. ही योजना देशातल्या संस्थांपुरतीच आहे.

परदेशी गेलं की दोन वर्षांत कर्ज फिटतं, हेही ऐकायला मिळतं. ब्रिटनमध्ये पदवीनंतर दोन वर्षं राहता येत होतं. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्षं मिळणार. अमेरिकेत कोर्स ‘स्टेम’ (विज्ञान-तंत्रज्ञान) वर्गात नसेल तर कामाची मुभा बारा महिने. व्हिसा संपून परतलात तरी कर्ज तेवढंच उरतं, फक्त ते रुपयांच्या पगारातून फेडायचं.

शिष्यवृत्तीबद्दल एक घोळ खास आपल्याकडचा. किनवट-पांढरकवड्याचे पाहुणे महाराष्ट्राच्या परदेश शिष्यवृत्त्या सुचवतात. त्या महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहेत. मराठी बोलून भागत नाही. तेलंगणाच्या योजना पाहा: अनुसूचित जाती-जमातींसाठी आंबेडकर विद्यानिधी, मागासवर्गीयांसाठी महात्मा ज्योतिबा फुले विद्यानिधी, अल्पसंख्याकांसाठी मुख्यमंत्र्यांच्या नावाची योजना. कुटुंबाचं उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर वीस लाखांपर्यंत मदत, आणि व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम त्यात बसतो.

माझं मत विचाराल तर हप्ता हातात येणाऱ्या पहिल्या पगाराच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त होत असेल, तर ते कॉलेज सोडा, दुसरं बघा, किंवा दोन वर्षं आधी नोकरी करा. सही करण्याआधी बँकेकडून एवढं कागदावर लिहून घ्या: पहिल्या हप्त्याच्या दिवशी खात्यावर एकूण किती रक्कम असेल.