स्टेंट टाकला, म्हणजे सुटलो?

‘झालं एकदाचं!’ बाबांची अँजिओप्लास्टी झाली त्या संध्याकाळी मी ऑफिसच्या ग्रुपवर हेच टाकलं होतं. तिसऱ्या दिवशी बाबा घरी, पाचव्या दिवशी मी पुन्हा डेडलाइनच्या मागे. विषय क्लोज.

सात महिन्यांनी आईचा फोन आला. "अगं, हे जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबतात. चपलेचा पट्टा नीट करतोय म्हणतात." बाबांच्या चपलेला पट्टाच नाही!

पुन्हा अँजिओग्राफी. ज्या जागी स्टेंट बसवला होता, नेमकी तीच जागा परत अरुंद झालेली. माझा पहिला प्रश्न होता, "डॉक्टर, स्टेंट डुप्लिकेट निघाला का?" तुम्हीही बहुधा हेच विचारलं असतं.

गंमत अशी की, यात बऱ्याचदा दोष असतो तो आपल्याच शरीराच्या उत्साहाचा. आपण हृदयाच्या रक्तवाहिनीला किचनच्या सिंकचा पाइप समजतो. ब्लॉक काढला, पाणी वाहिलं, संपलं. पण ही नळी जिवंत आहे. फुगा फुगवून ती ताणली की आतल्या भिंतीला जखम होते. जखम भरायला पेशी धावतात आणि कधीकधी गरजेपेक्षा जास्तच भरतात. गुडघा फुटल्यावर जाड वण उठतो ना, तसंच काहीसं. फक्त इथे वण उठायला जागा असते जेमतेम तीन मिलिमीटर. डॉक्टरांच्या भाषेत हे रिस्टेनोसिस. मधुमेह असेल, नळी बारीक असेल, स्टेंट लांब असेल किंवा पूर्ण उघडला नसेल, तर शक्यता वाढते. बाबांना डायबिटीस आहेच.

हे दुखणं अँजिओप्लास्टीइतकंच जुनं. 16 सप्टेंबर 1977 ला झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिगनं पहिल्यांदा हृदयाच्या धमनीत फुगा फुगवला. तो पहिला 38 वर्षांचा पेशंट नशीबवान. त्याची नळी पुढे अनेक वर्षं उघडी राहिली. पण नुसत्या फुग्याच्या जमान्यात शंभरातल्या तीस-चाळीस जणांची नळी सहा महिन्यांत पुन्हा आवळायची. 1986 मध्ये धातूची जाळी, म्हणजे स्टेंट आला आणि आकडा वीस-तीसवर उतरला. मग आले औषध लावलेले स्टेंट. युरोपात 2002 साली, अमेरिकेत 2003 साली. पेशींची वाढ रोखणारं त्यावरचं पहिलं औषध कुठून आलं माहितीये? पॅसिफिकमधल्या ईस्टर बेटाच्या मातीतल्या एका जिवाणूपासून! हल्ली असे स्टेंट शंभरात साधारण पाच ते दहा वेळा दगा देतात. बाबा त्या पाच-दहांत.

"मग बायपासच करायला हवं होतं," असा सल्ला शेजारच्या काकांनी दिलाच. बायपासलाही हे चुकत नाही. छातीतली धमनी वापरली तर ती दहा वर्षांनीही बहुतेकांमध्ये सुरू असते. पायातून काढलेल्या शिरेचं तसं नाही. बिचारी जन्मभर कमी दाबाचं रक्त वाहणारी. तिला अचानक धमनीचा दाब सोसावा लागतो. ती जाड होते, आत चरबी साचते. दहा वर्षांत अशा शिरांपैकी जवळपास निम्म्या बंद पडतात किंवा खराब होतात. त्यांच्यात स्टेंट टाकणंही नाजूक काम. आतला भुसभुशीत कचरा सुटून पुढे अडकू शकतो आणि ती जागा पुन्हा अरुंद होण्याचा धोकाही जास्त. म्हणून जमलं तर डॉक्टर माणसाची मूळ धमनीच उघडायला बघतात.

बाबांच्या वेळी नळीच्या आतून इमेजिंग करून स्टेंट नीट उघडलाय का ते पाहिलं. मग औषध लावलेला फुगा फुगवला. म्हणजे आणखी एक जाळी न टाकता औषध थेट भिंतीला. कधीकधी स्टेंटच्या आत दुसरा स्टेंट टाकावा लागतो, काहींना बायपास.

आता एक गल्लत मात्र करू नका. हे आवळणं बहुतेक वेळा हळूहळू, काही महिन्यांत होतं. चढताना पूर्वीसारखंच जड वाटतं, दम लागतो. डायबिटीसवाल्यांना तर छातीत दुखेलच असं नाही. स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होणं हे वेगळं प्रकरण. ते अचानक होतं आणि थेट हार्ट अटॅक येतो. तिथे वाट बघायची नाही, 108 फिरवायचा. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या त्यासाठीच असतात. साधारण सहा महिने, अटॅक येऊन गेला असेल तर बहुधा वर्षभर, आणि पुढे एक चालूच. "दात काढायचाय म्हणून चार दिवस बंद केल्या" हे आमच्या घरातही झालंय. हार्टच्या डॉक्टरांना न विचारता!

खरं सांगू? डिस्चार्जच्या दिवशी मी मेडिक्लेमचे कागद तीनदा वाचले, गोळ्यांचा कागद एकदाही नाही. आता तो फ्रिजवर चिकटवलाय. रविवारी मी बाबांबरोबर जिना चढते, मुद्दाम गप्पा मारत. बोलताना धाप लागतेय का, तेवढंच बघायचं असतं.

परवा ते पुन्हा दुसऱ्या मजल्यावर थांबले. माझं लक्ष आधी पायाकडे गेलं.

"चावी शोधतोय गं," बाबा म्हणाले. आणि खरंच, चावी खालीच स्कूटरला राहिली होती.