उणे चिन्हाची जागा

‘अ − ब’ छापताना उणे चिन्हाच्या दोन्ही अंगांना थोडी जागा सोडतात. ‘−ब’ छापताना तेच चिन्ह अक्षराला चिकटतं. वाचकाच्या हे ध्यानातही येत नाही, पण छापताना चुकलं तर डोळा लगेच अडखळतो. पूर्वी ही जागा कसबी खिळेजुळारी सांभाळत.

स्टॅनफर्डचे डोनाल्ड कनूथ यांच्या संगणकशास्त्रावरच्या ग्रंथाची पहिली आवृत्ती अशीच, मोनोटाइप यंत्राच्या शिशाच्या अक्षरांत निघाली होती. १९७७ साली दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं फोटोटाइपसेटिंगने, म्हणजे शिशाऐवजी छायाचित्रणाच्या तंत्राने, झालेली आली. ती पाहून कनूथ इतके वैतागले, की जुळणीची प्रणाली स्वतःच लिहायला बसले. वर्षभरात उरकेल असा अंदाज होता; दशक गेलं. त्यातून ‘टेक’ तयार झालं.

टेकमध्ये गणित दोन डॉलर चिन्हांच्या मध्ये लिहितात. गणिताची जुळणी महागडी, म्हणून डॉलर! डॉलरच्या आत अक्षर आपोआप तिरकं होतं, अंक उभेच राहतात. तिथे ‘साइन’ची तीन रोमन अक्षरं नुसती टाइप केली, तर टेक त्यांना तीन चलांचा गुणाकार समजतं आणि तिरकी छापतं. आधी उलटी तिरकी रेघ दिली, की ते फलनाचं नाव ठरतं आणि उभं छापलं जातं. खरी करामत जागेची आहे. टाइपाच्या आकाराएवढ्या रुंदीचे अठरा भाग कल्पा: अधिक चिन्हाच्या दोन्हीकडे साधारण चार, बरोबरच्या चिन्हाला पाच, स्वल्पविरामानंतर तीन. घातांकात मात्र ही जागा टेक काढून टाकतं. उणे चिन्हाच्या आधी काय आलंय ते पाहून ते वजाबाकीचं की ऋण संख्येचं, हेही तेच ठरवतं.

अक्षरं रेखायला कनूथनी ‘मेटाफाँट’ ही वेगळी प्रणाली लिहिली. तिच्यात रोमन ‘एस’ने त्यांना एवढं छळलं, की त्या एका अक्षरावर त्यांनी लेख लिहिला. मोनोटाइपच्या जुन्या वळणावरून केलेला त्यांचा ‘कॉम्प्युटर मॉडर्न’ हा टंक कागदावर देखणा दिसतो. पडद्यावर, माझ्या मते, अशक्त.

लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या, टेकवरच उभारलेल्या ‘लाटेक’मुळे हे सारं सामान्य लेखकाच्या आवाक्यात आलं. आज ‘झीटेक’ या टेकच्या नव्या रूपात मराठी मजकूर आणि समीकरणं एकाच पानावर नीट बसतात. त्यामुळे मराठीत गणित छापणाऱ्यांनी आता सोय नसल्याची सबब सांगू नये. निदान प्रुफं वाचताना एवढं पाहावं: चल तिरका, फलनाचं नाव उभं.