शिलालेखांवरील काळा थर व हवेंतील गंधकाम्ल

जुना शिलालेख वाचतांना एक अक्षर स्पष्ट व त्याच्या शेजारचें पुसट, असें पुष्कळदां आढळतें. त्याचा दोष आपण पाथरवटास नाहीं तर मूर्तिभंजकास देऊन मोकळे होतों. परंतु शिळा चुनखडीची अथवा संगमरवराची असेल, तर आणखी एका अपराध्याचा विचार करणें अवश्य आहे. तो म्हणजे हवेंतील गंधकवायु.

दगडी कोळसा व खनिज तेल यांत थोडाबहुत गंधक असतो. तीं जळलीं म्हणजे त्याचा वायु निघतो आणि प्राणवायु व आर्द्रता यांच्या योगें त्याचें गंधकाम्ल बनतें. रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनज्ञानें मँचेस्टरच्या पर्जन्यांतील हें अम्ल १८५२ सालीं दाखवून दिलें. पुढें १८७२ च्या ग्रंथांत त्यानें ‘अम्लपर्जन्य’ या अर्थाचा शब्द योजिला. मात्र अम्लास पाऊसच लागतो असें नाहीं. दमट शिळा तो वायु परस्पर शोषून घेते.

अम्लाच्या योगें चुनखडीचें जिप्सम होतें. आयुर्वेदांतील गोदंती ती हीच. हल्लींचा शाळेंतला खडू बहुधा याच द्रव्याचा असतो, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. गोदंती शुद्ध पाण्यांत चुनखडीच्या शतपटीहून अधिक विरघळते, शिवाय मूळ दगडाच्या सुमारें दुप्पट जागा व्यापते. उघड्या भागावरील हा थर पाऊस धुवून नेतो. शिळा पांढरी दिसते, पण अक्षरांच्या कडा बोथट होत जातात. छज्जाखालीं किंवा कोनाड्यांत तोच थर सांचून काजळी धरतो, काळा पडतो आणि शेवटीं पापुद्र्यासारखा सुटतो. सुटतांना अक्षरही घेऊन जातो.

ताजमहालाचें उदाहरण सर्वांच्या तोंडीं आहे. मथुरेचा तेलशुद्धीकरण कारखाना १९८२ सालीं सुरू झाला. आग्र्याच्या ओतशाळांचा धूर त्याच्याही आधींचा. ३० डिसेंबर १९९६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें २९२ कारखान्यांस ‘नैसर्गिक वायु वापरा, नाहीं तर अन्यत्र जा’ अशा आशयाचा आदेश दिला. तथापि ताजचा पिवळेपणा सर्वस्वीं अम्लपर्जन्याच्या माथीं मारणें मला मान्य नाहीं. उत्तरेकडील धूळ क्षारधर्मी असल्यानें पावसांतील अम्ल बऱ्याच अंशीं मारलें जातें. आणि २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत त्या रंगाचें कारण धूळ व ज्वलनांतून उठणारे कार्बनकण हें आढळलें. मुलतानी मातीच्या लेपानें हा मळ निघतो. झिजलेली कड मात्र परत येत नाहीं.

आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण चुन्याचा नसल्यामुळें या रीतीनें झिजत नाहीं, हें लेण्यांतील लेखांचें भाग्य. चुन्याचा गिलावा, दरजा आणि मुंबईच्या जुन्या इमारतींतील पोरबंदरी दगड यांस तें अभय नाहीं.

आतां ठशांविषयीं. एका समाधिलेखाचा ठसा घेतांना माझ्या हातून शकाचा शेवटचा अंक ओल्या कागदाबरोबर निघून आला. तो आधीं टिपून ठेवला नव्हता. त्यामुळें त्या लेखाचा काल आज दहा वर्षांच्या अंतरानेंच सांगतां येतो. तेव्हां काळा थर धरलेल्या चुनखडीवर कुंचल्यानें ठोकूं नये. तिरप्या उजेडांत छायाचित्र घ्यावें व वाचन जागच्या जागीं उतरून घ्यावें. लिंबू किंवा चिंच लावून शिळा उजळण्याची चाल तर सर्वथा सोडावी, कारण तें दुसरें अम्लच होय. ज्या सभासदांजवळ पन्नास-साठ वर्षांपूर्वींचे ठसे असतील, त्यांनीं ते मूळ शिळांशीं ताडून पाहावे व आढळलेला फरक मोजमापासह मंडळास कळवावा.