घरच्या राखीव विजेची निवड व जोडणी

वीज गेली कीं कंदील शोधावा, हे दिवस आतां मागें पडले. लहानशा घरींही इन्व्हर्टर किंवा जनरेटर ठेवण्याकडे लोकांचा कल आहे व तो योग्यच आहे. परंतु हीं साधनें घेतांना किंमतीची जितकी चौकशी होते, तितकी तीं घरच्या तारांस कशीं जोडावयाचीं याची होत नाहीं. चुकीच्या जोडणीनें मनुष्य दगावतो. सबब त्याविषयीं येथें लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम भाराचा हिशेब. यांत नजरअंदाजाची आणेवारी चालत नाहीं. प्रत्येक उपकरणावर छापलेले वॅट पाहून बेरीज करावी. नऊ वॅटचे चार दिवे ३६, जुन्या धाटणीचे दोन पंखे १५० व टीव्ही ६०, मिळून २४६ वॅट झाले. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरींत कागदोपत्रीं १,८०० वॅट-तास असतात. पण ती तळापर्यंत रिकामी केल्यास लवकर निकामी होते, व इन्व्हर्टरही आपला वांटा खातो. यास्तव हजार वॅट-तास हातीं येतील असें धरावें. म्हणजे वरील भार सुमारें चार तास चालेल. तेच पंखे बीएलडीसी जातीचे, ३० वॅटचे घेतले तर भार १५६ वॅटांवर येतो व सहा तासांहून अधिक निभावतें. दुसरी बॅटरी घेण्यापूर्वीं पंखे बदलावेत, असें आमचें मत आहे. विहिरीवरील पंप मात्र या हिशेबांत धरूं नये. मोटार सुरू होतांना नेहमींच्या पांचसहा पट करंट ओढते, तें घरगुती इन्व्हर्टरास झेपत नाहीं.

शिशाची बॅटरी चार्ज होतांना हायड्रोजन वायु सुटतो. हवेंत तो शेंकडा ४ झाला कीं एका ठिणगीनें भडका उडूं शकतो. म्हणून बॅटरी बंद कपाटांत अगर देवघरांतील समईजवळ न ठेवतां वारा खेळेल अशा जागीं ठेवावी. तींत डिस्टिल्ड वॉटरच घालावें. विहिरीच्या पाण्यांतील क्षार तिला मारक होत. बॅटरीकडील तारेंतून वरील भारास वीस अँपिअरहून अधिक करंट वाहतो, तेव्हां ती तार जाड व आंखूड असावी आणि टोकांचे स्क्रू घट्ट असावेत. सैल जोड तापतो.

जनरेटरच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. झोपलेलीं माणसें झोपेंतच जातात. जनरेटर पडवींतही नको. खिडक्यादारांपासून दूर, उघड्यावरच ठेवावा.

आतां मुख्य गोष्ट. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां विजेचे खांब पडून कित्येक गांवांस अनेक दिवस वीज नव्हती. अशा वेळीं कोणी दोन्ही टोकांस पिना असलेली वायर करून जनरेटरची वीज घरच्या सॉकेटांत सोडतो. ती वीज मीटरांतून बाहेर खांबावर जाते. जो ट्रान्सफॉर्मर ११,००० व्होल्टची वीज घरगुती दाबावर उतरवितो, तोच उलट दिशेनें ती पुन्हां हजारों व्होल्टांवर चढवूं शकतो. तिकडे खांबावर आपलाच वायरमन लाइन बंद आहे असें समजून तार जोडीत असतो! मेन स्विच आठवणीनें पाडूं, असें कांहीं जण म्हणतात. पण अंधारांत व घाईंत आठवणीवर कोणाचा जीव टांगावा?

यास उपाय चेंज-ओव्हर स्विच. तो एका वेळीं खांबावरची किंवा घरची, एकच वीज आंत येऊं देतो. फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा असा स्विच परवानाधारक वायरिंगवाल्याकडूनच बसवून घ्यावा, व अर्थिंगही त्याच वेळीं तपासून घ्यावें. तो बसेपर्यंत जनरेटरला एक्स्टेन्शन बोर्ड लावून त्यावरच दिवा-पंखा चालवावा. घरच्या सॉकेटाशीं त्याचा संबंध येऊं देऊं नये.